स्विच कोणी बंद केला?



२०२४ सालच्या जुलैची १९ तारीख. शुक्रवार होता. मेलबर्नला जुलैत हिवाळा असतो आणि पाचच्या सुमारास शब्बाथचे दिवे लावावे लागतात, म्हणून मी दुपारीच सामान आणायला बाहेर पडलो. पाव, मासे आणि शरबतासाठी काळ्या मनुका, एवढंच घ्यायचं होतं. सुपरमार्केटमध्ये रांगेत उभा राहिलो आणि पैसे घेणारी सगळी यंत्रं एकदम बंद पडली. पडदे निळे झाले. गल्ल्यावरची मुलगी बिचारी गोंधळून इकडेतिकडे बघत होती. माझ्या मागे एक वयस्क गृहस्थ होते, ते म्हणाले, "हे रशियाचं काम." त्यांच्या बायकोने मान हलवली, "रशिया कसला, चीन!" मी काही बोललो नाही, पण खरं सांगतो, माझ्याही मनात तेच आलं होतं.

आपल्या पिढीला खिशात चार नोटा ठेवायची सवय आहे, म्हणून माझं काम झालं. घरी येऊन टीव्ही लावला तर विमानतळ ठप्प, काही बँका ठप्प, टीव्हीच्या एका-दोन वाहिन्यांचीही पंचाईत झालेली. जगात इतर ठिकाणीही तीच बोंब. रात्री खुलासा झाला. शत्रू कोणीच नव्हता. कॉम्प्युटरची राखण करणारं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या एका अमेरिकी कंपनीने जे अपडेट पाठवलं त्यातच चूक होती, आणि जगभरातले सुमारे ८५ लाख कॉम्प्युटर आडवे झाले. राखणदारच पाय घसरून मालकाच्या अंगावर पडला म्हणायचं.

मी मुंबईत टेलिफोन खात्यात तीस वर्षांवर नोकरी केली. लाइन बंद पडली की पहिला प्रश्न नेहमी हाच असायचा: केबल कुजली, उंदराने खाल्ली, की कोणी कापून नेली? उत्तर खणल्याशिवाय मिळत नसे, आणि खणायला वेळ लागत असे. त्या शुक्रवारी रात्री मला झोप लागेना. मनात एकच विचार. हाच गोंधळ दोन अण्वस्त्रधारी देशांची आधीच जुंपलेली असताना झाला असता, तर खणून बघायला कोणी थांबलं असतं का?

आज त्याबद्दलच लिहितो आहे. विषय रुक्ष वाटेल, पण आपल्या घरांशी त्याचा संबंध आहे. मुंबईशी आहे, इस्राएलशी आहे आणि मी राहतो त्या ऑस्ट्रेलियाशी तर फारच आहे.

एका माणसाचा राग

आधी सायबर हल्ला म्हणजे काय ते बघू. त्याचं जगातलं एक अगदी सुरुवातीचं उदाहरण ऑस्ट्रेलियातलंच आहे. क्वीन्सलंड राज्यात समुद्रकिनाऱ्याला लागून मरूची नावाचा भाग आहे. २००० साली तिथल्या नगरपालिकेचे सांडपाण्याचे पंप आपोआप बंद पडू लागले, चुकीचे इशारे येऊ लागले. इंजिनियर लोकांना वाटलं, नवीन यंत्रणा आहे, काहीतरी बिघाड असेल. आठवड्यांमागून आठवडे ते बिघाड शोधत राहिले. शेवटी एक माणूस पोलिसांच्या हाती लागला. ती यंत्रणा बसवणाऱ्या कंपनीत तो पूर्वी कामाला होता, आणि नगरपालिकेने नोकरी दिली नाही म्हणून चिडला होता. गाडीत लॅपटॉप आणि रेडिओ घेऊन तो फिरायचा आणि पंपांना खोटे हुकूम द्यायचा. सुमारे ८ लाख लिटर घाण पाणी बागांत, ओढ्यांत आणि एका हॉटेलच्या आवारात गेलं. त्याला दोन वर्षांची शिक्षा झाली.

यातून दोन गोष्टी दिसतात. एक, कॉम्प्युटरमधून दिलेला हुकूम खऱ्या जगातला पंप, वीज, दरवाजा हलवू शकतो. दुसरी, हल्ला झाला आहे हेच आधी कळत नाही. एका माणसाच्या रागाने हे होत असेल, तर ज्या सरकारकडे हजारो शिकलेली माणसं आणि अमाप पैसा आहे ते काय करू शकेल, याचा हिशेब तुम्हीच करा.

मुंबईचा तो सोमवार

आता आपल्या मुंबईकडे वळू. १२ ऑक्टोबर २०२० हा दिवस तिकडच्या वाचकांना आठवत असेल. कोविडचे दिवस होते. सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे, नवी मुंबईची वीज गेली. लोकल जागच्या जागी थांबल्या. इस्पितळांत जनरेटरची धावाधाव सुरू झाली. मुंबईची वीज अशी सहसा जात नाही. बाहेरचं ग्रीड कोलमडलं तरी शहराला वेगळं काढून वीज चालू ठेवायची सोय मुंबईत पूर्वीपासून आहे. त्या दिवशी तीही कामाला आली नाही. काही भागांत दोन-तीन तासांत वीज आली, काही ठिकाणी संध्याकाळ उजाडली.

मी तेव्हा मेलबर्नमध्ये कोंडलेला होतो. इथलंही लॉकडाऊन संपलं नव्हतं. ठाण्याला धाकट्या भावाला फोन लावत होतो आणि फोन लागत नव्हता. त्याला घरी ऑक्सिजनचं यंत्र लावलेलं होतं. ते यंत्र विजेवर चालतं. तीन तास मी फोन हातात घेऊन बसलो. शेवटी वहिनी लाइनवर आली. शेजाऱ्यांनी कुठून तरी सिलेंडर आणून दिला होता. तेव्हा कुठे माझ्या जिवात जीव आला.

त्याच्या चारच महिने आधी, जूनच्या १५ तारखेला, गलवानच्या खोऱ्यात भारत आणि चीनच्या सैनिकांत हातघाई झाली होती आणि आपले २० जवान शहीद झाले होते. दोन्ही देशांकडे अण्वस्त्रं आहेत. पण वीज गेली त्या दिवशी कोणी चीनचं नाव मोठ्याने घेतलं नाही. बोलणं चाललं होतं ते कळवा-पडघ्याच्या लाइनीचं आणि दुरुस्तीच्या कामाचं.

मग २०२१ च्या फेब्रुवारी अखेरीस एका अमेरिकी संस्थेचा अहवाल बाहेर आला. चीनशी संबंध असलेल्या एका गटाने भारताच्या वीज यंत्रणेच्या कॉम्प्युटरांत शिरकाव केला आहे, असं त्यात म्हटलं होतं. मुंबईची वीज त्यामुळेच गेली असं त्या संस्थेने ठामपणे म्हटलं नाही, पण प्रश्न उभा राहिला. महाराष्ट्राचे तेव्हाचे गृहमंत्री अनिल देशमुख म्हणाले की प्राथमिक तपासात घातपाताची शक्यता दिसते. केंद्रातले ऊर्जामंत्री आर. के. सिंह म्हणाले की वीज माणसाच्या चुकीने गेली, सायबर हल्ल्याने नव्हे. चीनने सगळेच आरोप नाकारले.

म्हणजे बघा, साडेचार महिने उलटून गेले, हाताशी तपास यंत्रणा होती, कागदपत्रं होती, आणि तरी एकाच देशातल्या दोन मंत्र्यांची दोन उत्तरं. मी कोणा एकाला खोटं ठरवत नाही. बिघाड आणि घातपात बाहेरून सारखेच दिसतात, एवढंच मला सांगायचं आहे.

तसंच २०१९ साली कुडनकुलमच्या अणुवीज केंद्राच्या बाबतीत झालं. आधी केंद्राकडून सांगण्यात आलं की हल्ला वगैरे काही नाही. दुसऱ्याच दिवशी, ३० ऑक्टोबरला, अणुऊर्जा महामंडळाने मान्य केलं की कार्यालयीन कामाच्या एका कॉम्प्युटरमध्ये व्हायरस सापडला होता. अणुभट्टी चालवणारी यंत्रणा वेगळी होती, म्हणून तिला धक्का लागला नाही. नशीब.

चोर की मारेकरी?

हेरगिरी पूर्वीपासून चालत आली आहे. मोशेने कनान देशात बारा हेर पाठवले होतेच की. पण ते हेर द्राक्षांचा घड घेऊन परत आले, मागे काही पेरून आले नाहीत. आजचा हेर कॉम्प्युटरमध्ये शिरतो तेव्हा तो नुसतं वाचायला आला आहे की उद्या बटण दाबायला, हे घरमालकाला कळत नाही. दोन्हीला दार तेच, किल्ली तीच.

२०२३ च्या मे महिन्यात अमेरिका, ऑस्ट्रेलिया, ब्रिटन, कॅनडा आणि न्यूझीलंड या पाच देशांनी मिळून जाहीर इशारा दिला. 'व्होल्ट टायफून' असं नाव दिलेला चिनी गट अमेरिकेच्या महत्त्वाच्या यंत्रणांत शिरला आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यात ग्वाम बेटाचं नाव आलं. तिथे अमेरिकेचा मोठा लष्करी तळ आहे. पुढच्या वर्षी अमेरिकेने सांगितलं की हे लोक पाणी, वीज, वाहतूक यांच्या यंत्रणांत दबा धरून बसले आहेत, युद्धाची वेळ आली तर त्या बंद पाडायला. चीनने हेही नाकारलं.

आता कल्पना करा. तैवानवरून तणातणी वाढली आहे. अमेरिकेच्या एका तळाचे दिवे जातात. तिकडचे सेनापती म्हणतील, "सुरुवात झाली." दिवे खरंच चीनने घालवले, की वादळाने, की कोणाच्या चुकीच्या अपडेटने, हे कळायच्या आधी विमानं उडालेली असतील.

सायबर हल्ल्याला बॉम्बने उत्तर देणं नुसतं कल्पनेतलं राहिलेलं नाही. ५ मे २०१९ रोजी इस्राएलच्या सैन्याने जाहीर केलं की हमासचा सायबर हल्ला परतवल्यावर गाझातल्या ज्या इमारतीतून तो चालवला जात होता तीही विमानांनी पाडली. हमासकडे अण्वस्त्रं नाहीत, म्हणून गोष्ट तिथे थांबली.

शिवाय हा हल्ला जिथे टाकला तिथेच थांबेल असंही नाही. इराणच्या नतान्झमधली यंत्रं बिघडवणारा 'स्टक्सनेट' नावाचा व्हायरस २०१० साली उघडकीस आला. अमेरिका आणि इस्राएलने मिळून तो केला असं सर्रास म्हटलं जातं, दोघांनीही उघड कबूल केलेलं नाही. पण तो इराणपुरता राहिला नाही, भारत, इंडोनेशियापर्यंत पसरला. २४ फेब्रुवारी २०२२ ला रशियाने युक्रेनवर चाल केली, त्याच पहाटे उपग्रहावरून चालणारी एक इंटरनेट सेवा बंद पाडली. निशाण्यावर युक्रेन होता, पण जर्मनीतल्या सुमारे ५,८०० पवनचक्क्यांचा संपर्कही तुटला. युद्धात नसलेल्या देशाला असा धक्का बसतो, आणि तो देश नाटोसारख्या कराराने बांधलेला असतो. ऑस्ट्रेलियाचंही तसंच आहे. अमेरिकेबरोबरचा आमचा अँझस करार १९५१ सालचा. २०११ साली दोन्ही सरकारांनी ठरवलं की मोठा सायबर हल्ला झाला तर तोही या करारात येईल.

वाळवंटातले पांढरे गोल

आता माझ्या मनाला सर्वात जवळची गोष्ट सांगतो.

१९९१ चा जानेवारी. सद्दामची स्कड क्षेपणास्त्रं इस्राएलवर पडत होती. माझी थोरली बहीण लोदला राहत होती. खिडक्यांना चिकटपट्टी, दाराखाली ओला टॉवेल, तोंडावर मास्क आणि मांडीवर सहा महिन्यांचा नातू. मी मुंबईत एक्स्चेंजमध्ये रात्रपाळीला. तिची लाइन लागली की ती म्हणायची, "भाऊ, भोंगा वाजला की चार-पाच मिनिटं मिळतात. तेवढ्यात सगळे खोलीत जातो." त्या सहा आठवड्यांत चाळीसच्या आसपास स्कड पडली.

ती चार-पाच मिनिटं कुठून येत होती, ते मला ऑस्ट्रेलियात येऊन राहिल्यावर कळलं. इराकच्या वाळवंटात क्षेपणास्त्र उडालं की त्याच्या आगीची धग अमेरिकेच्या उपग्रहाला आकाशातून दिसायची. तो उपग्रह जमिनीशी बोलायचा तो दक्षिण ऑस्ट्रेलियात, वूमेराजवळच्या नरंगार नावाच्या केंद्राशी. तिथून इशारा पुढे जायचा. म्हणजे माझ्या बहिणीच्या घरातला भोंगा वाजण्यामागे इथल्या ओसाड माळावरची माणसं होती. हे वाचलं त्या दिवशी मी ब्राखा म्हटली.

नरंगार १९९९ साली बंद झालं आणि ते काम पाइन गॅपकडे गेलं. पाइन गॅप हे ऑस्ट्रेलियाच्या बरोबर मध्यभागी, ॲलिस स्प्रिंग्ज गावाजवळचं अमेरिका-ऑस्ट्रेलियाचं संयुक्त केंद्र. फोटोत बघाल तर लाल मातीवर मोठमोठे पांढरे गोल दिसतात. १९७० पासून ते चालू आहे.

गोम इथेच आहे. जे उपग्रह स्कडसारखं साधं क्षेपणास्त्र बघतात, तेच रशिया-चीनची अण्वस्त्रवाहू क्षेपणास्त्रंही बघतात. डोळा एकच. समजा एखाद्या लढाईत शत्रूला वाटलं की आपली साधी क्षेपणास्त्रं अमेरिकेला दिसू नयेत, म्हणून त्याने या केंद्राच्या कॉम्प्युटरांवर घाला घातला. त्याच्या मनात अणुयुद्ध मुळीच नाही. पण वॉशिंग्टनमध्ये काय दिसेल? अणुहल्ल्याचा इशारा देणारा डोळा कोणीतरी झाकतो आहे. डोळा झाकणारा पुढे काय करणार आहे, असाच विचार ते करतील.

ही माझी भीती नाही, त्यांच्याच कागदांत आहे. अमेरिकेच्या २०१८ च्या अण्वस्त्र धोरणात म्हटलं होतं की अण्वस्त्र न वापरता केलेल्या पण अतिगंभीर हल्ल्यालाही अण्वस्त्राने उत्तर द्यायचा विचार होऊ शकतो, आणि त्यात आज्ञा देणाऱ्या व इशारा देणाऱ्या यंत्रणांवरचे हल्ले धरले होते. रशियाने २०२० साली आपलं धोरण छापलं. त्यातही आहे की आमचं अण्वस्त्रांचं प्रत्युत्तरच लुळं पडेल असा आघात महत्त्वाच्या ठिकाणांवर केलात तर आम्ही अण्वस्त्र वापरू शकतो.

कॅनबेराच्या विद्यापीठात डेस्मंड बॉल नावाचे मोठे अभ्यासक होते. २०१६ साली ते वारले. पाइन गॅपसारख्या केंद्रांत काय चालतं हे त्यांनी आयुष्यभर शोधून लोकांपुढे ठेवलं. त्यांनी १९८० च्या सुमारासच सांगितलं होतं की थोडंसंच, आटोक्यातलं अणुयुद्ध ही भ्रामक कल्पना आहे, कारण आज्ञा देणाऱ्या आणि निरोप पोचवणाऱ्या यंत्रणा फार नाजूक असतात, त्याच आधी तुटतात. तेव्हा त्यांच्यासमोर बॉम्ब आणि अणुस्फोटांचे परिणाम होते. आज ते तोडायला बॉम्बही लागत नाही.

ऑस्ट्रेलियाला याचा एक चटका आधीच बसला आहे. १९७३ च्या किप्पूर युद्धाच्या शेवटी, ऑक्टोबरच्या २५ तारखेला, सोविएत सैन्य मध्यपूर्वेत उतरेल या शंकेने अमेरिकेने जगभरचं आपलं सैन्य सज्ज केलं. पश्चिम ऑस्ट्रेलियात नॉर्थ वेस्ट केपला पाणबुड्यांना निरोप देणारं अमेरिकी केंद्र होतं, तेही सज्ज झालं. पंतप्रधान गॉफ व्हिटलम यांना आधी कोणी सांगितलं नव्हतं. ते संतापले, आणि त्यात नवल नाही. तुमच्या अंगणातून युद्धाचा निरोप जातो आहे आणि घरच्या कर्त्या माणसाला पत्ता नाही.  आता तर पंतप्रधानांना फोन लावायला तेवढीही सवड मिळेल की नाही, शंका आहे.

४६ सेंटचा तुकडा

कोणाला वाटेल, एवढ्या मोठ्या यंत्रणा अशा कशा फसतील? फसल्या आहेत. ९ नोव्हेंबर १९७९ ला अमेरिकेच्या पडद्यांवर सोविएत क्षेपणास्त्रांचा पाऊस दिसला. खरं तर सरावासाठी केलेला कार्यक्रम चुकून खऱ्या यंत्रणेत चालू झाला होता. ३ जून १९८० ला पुन्हा तसंच. त्या वेळी एक छोटी चिप बिघडली होती, किंमत ४६ सेंट. २६ सप्टेंबर १९८३ च्या रात्री सोविएत उपग्रहाने पाच अमेरिकी क्षेपणास्त्रं येताना दाखवली. पाळीवर स्तानिस्लाव पेत्रोव नावाचे अधिकारी होते. खरंच हल्ला करायचा असेल तर कोणी पाचच कशी सोडेल, असा त्यांनी विचार केला आणि वर 'बिघाड' म्हणून कळवलं. ढगांवरून परतलेला सूर्यप्रकाश होता तो.

तिन्ही वेळा माणसांनी थांबून दुसऱ्या यंत्राकडे बघितलं, डोकं चालवलं. पण ते बिघाड होते, मुद्दाम घातलेले नव्हते. आता प्रत्येक देशाला माहीत आहे की आपल्या पडद्यात शत्रू घुसलेला असू शकतो. मग पडद्यावर हल्ला दिसला तर तो खरा की घातलेला, आणि पडदा स्वच्छ दिसला तर तो खरंच स्वच्छ की कोणी पुसलेला? यंत्रावरचा विश्वास गेला की माणूस मनातल्या भीतीवर जास्त विश्वास ठेवतो. क्षेपणास्त्र यायला अर्धा तास लागतो, शेजारच्या देशातून त्याहूनही कमी. 'कोणी केलं' हे शोधायला मुंबईच्या प्रकरणात साडेचार महिने पुरले नाहीत.

कुकरची शिट्टी

दुसरी बाजूही सांगायला हवी. इतकी वर्षं हे हल्ले चालले आहेत, अजून एकाही सायबर हल्ल्यातून दोन अण्वस्त्रधारी देशांचं युद्ध पेटलेलं नाही. काही अभ्यासक तर म्हणतात की यामुळे युद्धं टळतात. २०१९ च्या जूनमध्ये इराणने अमेरिकेचं एक ड्रोन पाडलं. अध्यक्ष ट्रम्प यांनी ठरलेला विमानहल्ला आयत्या वेळी मागे घेतला, आणि बातम्यांप्रमाणे त्याऐवजी इराणच्या लष्करी कॉम्प्युटरांवर सायबर हल्ला केला. माणसं मेली नाहीत, रागही निघाला. कुकरची शिट्टी व्हावी आणि वाफ निघून जावी, तसं.

भारत आणि चीन या दोघांनीही सांगितलेलं आहे की अण्वस्त्र आम्ही आधी वापरणार नाही. मुंबईची वीज गेली म्हणून थेट अणुबॉम्ब पडेल, असं मी म्हणत नाही. मधे पुष्कळ पायऱ्या आहेत.

पण शिट्टीचा भरवसा कुकर चांगला असेपर्यंत. शिट्टीच्या जागी शीत अडकलं की आत काय चाललं आहे ते कळत नाही. वीज, बँक, सुपरमार्केट यांवरचे हल्ले पचवता येतात. अण्वस्त्रांना आज्ञा देणाऱ्या तारांना हात लागला, तर ती वाफ राहत नाही. आणि पायऱ्या पुष्कळ असल्या तरी अंधारात उतरणाऱ्याला शेवटची पायरी कुठली ते दिसत नाही.

करता येण्यासारखं

मग उपाय काय? माझ्या मते उपाय नवा शोधायला नको, जुनाच पुढे न्यायचा आहे. ३१ डिसेंबर १९८८ रोजी राजीव गांधी आणि बेनझीर भुट्टो यांच्या काळात भारत-पाकिस्तानचा करार झाला, की एकमेकांच्या अणुकेंद्रांवर हल्ला करायचा नाही. दर वर्षी १ जानेवारीला दोन्ही देश आपापल्या केंद्रांची यादी एकमेकांना देतात. १९९२ पासून हे चालू आहे. कारगिल झालं, २६/११ झालं, तरी यादी गेली. त्यात एक ओळ वाढवायची: कॉम्प्युटरमधूनही हात लावायचा नाही. अमेरिका-रशियाने २०१३ साली ठरवलं की सायबर घटनेची शंका आली तर अण्वस्त्रांसाठीच्या जुन्या संपर्क केंद्रांतून एकमेकांना विचारायचं. नोव्हेंबर २०२४ मध्ये बायडन आणि शी जिनपिंग यांनी मान्य केलं की अण्वस्त्र वापरायचा निर्णय माणसाच्याच हाती राहील, यंत्राच्या नाही. या गोष्टी छोट्या आहेत, पण आहेत.

ऑस्ट्रेलियाची एक गोष्ट मला पटली. २०१९ च्या फेब्रुवारीत इथल्या संसदेच्या कॉम्प्युटरांत कोणी शिरलं. पंतप्रधान मॉरिसन यांनी सांगितलं की हे एखाद्या देशाचं काम आहे, पण देशाचं नाव घेतलं नाही. पुढच्या वर्षीही तसंच. लोक म्हणाले, घाबरले. मला तसं वाटलं नाही. नाव घेतलं की उत्तर द्यावं लागतं. कधी कधी दात-ओठ आवळून खणत बसणं हेच शहाणपण.

आणि आपण काय करायचं? इथे मला माझीच एक चूक सांगायची आहे. मे २०२५ मध्ये भारत-पाकिस्तानची चार दिवसांची लढाई चालली होती. रात्री मला व्हॉट्सॲपवर निरोप आला: पाकिस्तानच्या सायबर हल्ल्याने भारतातलं ७० टक्के वीज ग्रीड बंद. छातीत धस्स झालं. ठाण्याची ती सकाळ आठवली. तीस वर्षं लाइनी तपासणारा मी, काही न तपासता तो निरोप घरच्या ग्रुपवर टाकून मोकळा झालो. तिकडे लोदच्या बहिणीने तो आणखी चार जणांना पाठवला. पाच मिनिटांत ठाण्याहून भावाच्या नातवाचं उत्तर आलं, "मोठे आजोबा, पंखा चालू आहे." सरकारनेही लगेच जाहीर केलं की बातमी खोटी आहे.

सगळे हसले. मी मात्र ओशाळलो. मोठमोठ्या राजधान्यांत कोणी तरी हेच करील अशी मला धास्ती, आणि तेच मी घरात बसून केलं होतं. फरक एवढाच की माझ्या हातात फोन होता, त्यांच्या हातात काय असतं ते आपल्याला ठाऊक आहे.

तेव्हापासून मी एक नियम केला आहे. असा निरोप आला की आधी तिथल्या कोणाला तरी फोन करायचा आणि विचारायचं, तुमच्याकडे पंखा चालू आहे का? उत्तर येईपर्यंत पुढे काही पाठवायचं नाही. तुम्हीही करून बघा. आणि आपल्या कर्त्या-सवरत्यांनाही देव तेवढीच सवड आणि तेवढीच बुद्धी देवो.